हेर टीडेमान यांची रेघ

छापलेलं व्यंगचित्र वाचकाच्या हाती येतं तेव्हा ते लहान झालेलं असतं. चित्रकारानं ते बऱ्याच मोठ्या कागदावर काढलेलं असतं, आणि कागद व वाचक यांच्या मधे एक माणूस कॅमेऱ्यापाशी उभा राहून ते आटवत असतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात मी तो माणूस होतो. नोकरीत मी पुढे काय काय झालो ते सांगण्यासारखं नाही. पण त्या कॅमेऱ्यासमोर जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे असं मला अजून वाटतं.

मी बार्शीचा. आमचे अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कापडाची दुकानं, तेलाच्या गिरण्या, डॉक्टरांचे दवाखाने, निवडणुकीत भिंती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. सोलापूरला राहून मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा अण्णांनी स्वतःच्या हातानं माझ्या नावाची पाटी रंगवली आणि नावापुढची पदवी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत काढली. मला संकोच वाटला. ते म्हणाले, "नाव सगळ्यांनाच असतं."

पुण्याच्या एका छापखान्यात ब्लॉक बनवण्याच्या खात्यात मी लागलो. मालकांनी नवीन यंत्रं जर्मनीहून मागवली आणि ती शिकून यायला मला पाठवलं. त्या थोर मनाच्या माणसाचे उपकार मी कधी विसरलो नाही. शिकायचा काळ संपल्यावर तिथल्या छापखान्यानं मला ठेवून घेतलं, आणि मालकांनी त्यालाही आनंदानं परवानगी दिली.

त्या छापखान्यात एक सचित्र साप्ताहिक छापलं जाई. त्याचं संपादकीय कार्यालय हानोफरला होतं, छपाई आमच्याकडे. साप्ताहिकाची शेवटची पानं व्यंगचित्रांची, आणि पुष्कळ वाचक ती पानं आधी उघडत.

आमचं काम थोडक्यात सांगतो. एका मोठ्या फळीवर चित्र ताणून बसवायचं. दोन्ही बाजूंना प्रखर दिवे. समोर रुळांवर सरकणारा, माणसाच्या उंचीचा कॅमेरा. त्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं. कॅमेरा मागेपुढे करून ते हव्या त्या मापाचं करायचं आणि निगेटिव्ह घ्यायची. मग ती निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. रेघ नाही तिथलं जस्त आम्ल खातं, रेघ तेवढी उभी राहते. त्या उभ्या रेघेला शाई लागते आणि कागदावर माणूस, कुत्रा, छत्री जे असेल ते उमटतं.

या कामात एक गंमत आहे. ज्या फिल्मवर आम्ही रेघांची चित्रं घ्यायचो तिला फिकट निळा रंग दिसत नाही. त्यामुळे मापं, सूचना, तक्रारी, सगळं निळ्या पेन्सिलीनं चित्रावरच लिहायची पद्धत होती. छापताना ते आपोआप नाहीसं होई. वाचकाला दिसायचा एक जाडा नगरसेवक. आम्हाला त्याच्या पोटावर निळ्या अक्षरांत दिसायचं, "हे पोट मी मागच्या आठवड्यात पाहिलं आहे. संपादक." आणि खाली उत्तर, "पोट तेच आहे, नगरसेवक नवा आहे."

मला या चित्रकारांचं फार अप्रूप वाटे. आमच्याकडे मोठी माणसं म्हणजे वकील, मामलेदार, कॉलेजचे प्राध्यापक. इथं चार रेघांत मंत्र्याला हसू आणणारी माणसं होती आणि ती कुठून कुठून आलेली होती. फ्राऊ, म्हणजे श्रीमती, हार्म्स नावाच्या बाई पूर्वी शाळेत शिवण शिकवत. त्या फक्त कुत्री काढत, आणि त्यांच्या कुत्र्यांच्या तोंडावर शहरातल्या सगळ्या प्रतिष्ठितांचे भाव असत. काढताना कॉफी पीत आणि हटकून ब्रश शाईऐवजी कॉफीत बुडवत. रेघ करडी होई. कॅमेऱ्याला एकतर काळं कळतं नाहीतर पांढरं, करडं कळत नाही. मी फोन करून सांगे, "फ्राऊ हार्म्स, कुत्र्याचे मागचे पाय येत नाहीत." त्या म्हणत, "मग त्याला बसलेला समजा."

हेर, म्हणजे श्रीयुत, पोल नावाचे दुसरे एक, युद्धात नकाशे काढायचे. हाती लागेल त्या कागदावर चित्र काढत. एकदा बेकरीच्या पिशवीवर काढून पाठवलं. लोण्याचा डाग निगेटिव्हमध्ये बरोबर एका पाद्र्याच्या डोक्याभोवती आला. आमचे मायस्टर म्हणाले, "राहू द्या. त्यांचाच हेतू असेल."

मायस्टर म्हणजे खात्याचे उस्ताद. हेर रेनेके त्यांचं नाव. कारागिरी शिकून, परीक्षा देऊन मायस्टर झालेला माणूस, पांढरा कोट, खिशात भिंग. मी विद्यापीठाचा पदवीधर म्हणून मला ते "हेर अकाडेमिकर" म्हणत. त्यात टोमणा होता आणि थोडी मायाही होती. मी काही चुकवलं की म्हणत, "तर मग, हेर अकाडेमिकर, हे विद्यापीठात असंच करतात का?" मी नाही म्हणे. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणत, "इथंही नाही करत."

त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, त्यांचा कॅमेरा कधी हलला नाही. छापखान्याच्या दारावरून ट्राम जायची, तळमजल्यावर छपाईची अजस्र यंत्रं चालायची, पण कॅमेरा आणि चित्राची फळी एकाच चौकटीत भक्कम स्प्रिंगांवर टांगलेली होती. जमीन थरथरली तरी दोन्ही एकत्र डुलत. दुसरा अभिमान गुपितांचा. पहिल्याच दिवशी त्यांनी दुधी काचेवर बोट ठेवून मला सांगितलं होतं, "इथं जे दिसेल ते या खोलीत राहतं. चित्रकाराची खाडाखोड, पांढऱ्या रंगानं झाकलेली चूक, दुसऱ्यांदा चिकटवलेलं नाक. न्हावी आणि आपण, दोघांनी बाहेर बोलायचं नाही."

आता हेर टीडेमान यांच्याकडे येतो.

हेर टीडेमान ब्राउनश्वाइगचेच. साठी उलटलेली. तरुणपणी ते शतावरीच्या डब्यांची लेबलं काढायचे, त्या भागात शतावरीची भाजी डबाबंद करणारे कारखाने पुष्कळ. त्यांचं चित्र दर आठवड्याला येई आणि त्यात शब्द नसे. शहराबाहेर लोकांनी भाड्यानं घेतलेल्या छोट्या बागा असतात, एक खोपटं, चार वाफे, भोवती कुंपण. तशा बागेतलं एक म्हातारं जोडपं आणि कुंपणापलीकडचा टोपीवाला शेजारी, एवढीच तीन माणसं. त्यांच्यात वर्षानुवर्षं काही ना काही घडत असे. शेजाऱ्याची कोबी मोठी झाली, बायकोनं बुजगावण्याला नवऱ्याचा चांगला कोट घातला, असं काहीतरी.

आणि त्यांची रेघ. लेखणी एकदा टेकवली की सबंध माणूस पुरा होईपर्यंत ते ती उचलत नसत. टोपीपासून निघालेली रेघ नाक, पोट, गुडघा करत बुटाच्या टोकाशी थांबे. इतकी स्वच्छ, की ट्राममध्ये लोक बोटानं तिचा माग काढत, कुठे तुटते का बघत. मी पाहिलं आहे. पाट्या रंगवणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला एका दमात ओढलेल्या रेघेची किंमत माहीत होती. त्यांचं चित्र फळीवर लावताना मी हात धुऊन घेत असे.

त्यांची चित्रं घेऊन फ्राऊ टीडेमान सायकलवरून येत. संपादकांकडे आधी पेन्सिलीचं लहानसं कच्चं चित्र पोस्टानं जाई. ते पसंत पडलं की शाईचं पक्कं चित्र वेळ वाचावा म्हणून सरळ आमच्याकडे. म्हणजे पक्कं चित्र संपादक पाहत ते छापल्यावरच. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सुरुवातीला ती चित्रं छापील मापाच्या दुप्पट असत, सगळ्यांची असत तशी. मग हळूहळू वाढू लागली. सपाट पाकीट गेलं, गुंडाळी आली. गुंडाळीची नळी सायकलच्या टोपलीत मावेना, तेव्हा फ्राऊ टीडेमान ती पाठीला बांधून येऊ लागल्या. पुढे पुढे तर ट्रामनं, नळी उभी धरून. दारावरचा पहारेकरी म्हणे, "फ्राऊ टीडेमान, घराला नवा वॉलपेपर?"

मला वाटे, मोठा कलावंत आहे, मोठ्या कागदावर काढावंसं वाटत असेल. एकदा मायस्टर जेवायला गेले असताना तसं एक चित्र मी एकटाच लावत होतो. कोपरे ताणताना तोंड कागदाच्या अगदी जवळ आलं, आणि मी थांबलो. म्हाताऱ्याच्या पाठीची रेघ नदीच्या काठासारखी होती. आत, बाहेर, पुन्हा आत. सगळीकडे तेच. हात कापत होता, आणि त्या कापणाऱ्या हातानं ती रेघ कुठंही न उचलता शेवटपर्यंत नेलेली होती.

मी कॅमेऱ्यामागे गेलो. काचेवर चित्र छापील मापाचं झालं होतं. पाठ स्वच्छ होती. एवढं मोठं चित्र एवढंसं केल्यावर तो कंप रेघेच्या जाडीतच विरून गेला होता. मी पुन्हा फळीपाशी गेलो, पुन्हा काचेपाशी आलो. एक आजारी माणूस आणि एक निरोगी माणूस, मधे फक्त कॅमेऱ्याचे रूळ.

दारात मायस्टर उभे होते. किती वेळ ते माहीत नाही.

"कळलं?" ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"मग काम करा. दिवे तापतात."

नंतर त्यांनी एकदाच सांगितलं, तेही आम्लाच्या टाकीकडे बघत. हेर टीडेमान यांचं मनगट दोन वर्षांपासून कापत होतं. खांदा मात्र कापत नव्हता. म्हणून ते भिंतीवर कागद लावून, उभं राहून, जाड ब्रश घेऊन, सगळा हात खांद्यातून फिरवत चित्र काढायला नव्यानं शिकले होते. त्या वयात. आणि कॅमेरा पुढचं करील हे त्यांनीच मनाशी ताडलं होतं. आमच्या खोलीत येऊन त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मायस्टरांनी कधी सांगितलं नव्हतं.

"संपादकांना कळलं तर?" मी विचारलं.

"नवे संपादक, हेर डॉक्टर, तरुण आहेत. त्यांच्या टेबलावर तरुण चित्रकारांची रांग आहे. टीडेमान यांचं पान लोक त्या रेघेसाठी बघतात. रेघ गेली की पान गेलं." मग म्हणाले, "आणि पान गेलं की तो माणूस घरी बसून काय करील?"

मधे एका आठवड्याला फ्राऊ टीडेमान पुन्हा सायकलवर आल्या. पातळ पाकीट, जुन्या मापाचं. त्या दिवशी सकाळी हात बरा वाटला म्हणून त्यांनी हौसेनं टेबलाशी बसून काढलं होतं. मायस्टरांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं. पान रिकामं ठेवता येत नव्हतं. छापावं लागलं. म्हातारा, म्हातारी, कोबी, सगळ्यांच्या कडा दातेरी.

दुसऱ्या दिवशी हानोफरहून फोन आला. संपादक, नव्या जमान्याचे, डॉक्टरेट घेतलेले. त्यांचा आवाज फोनमधून आमच्यापर्यंत येत होता.

"हेर रेनेके, टीडेमान यांच्या पानाला काय झालंय? तुमचा कॅमेरा हलला का?"

ज्या माणसानं स्वतःच्या मुलीच्या लग्नातही व्याह्यांना आपला कॅमेरा कधी हलत नाही हे ऐकवलं होतं, तो माणूस फोन धरून उभा होता.

"होय, हेर डॉक्टर," मायस्टर म्हणाले. "हलला. ट्राम गेली."

"हे पुन्हा होता कामा नये."

"नाही होणार."

फोन ठेवून ते आत आले. आम्ही सगळे कामात गढल्यासारखे दिसत होतो. त्यांनी कॅमेऱ्याच्या स्प्रिंगांना तेल घातलं. तेलाची गरज नव्हती.

त्या रविवारी माझ्याकडे दामले जेवायला आला होता. पुण्याचा, तिथल्या टेक्निकल विद्यापीठात यंत्रांच्या कंपनांवर डॉक्टरेट करत होता. घरमालकीणबाई चर्चला गेल्या की आम्ही त्यांच्या चुलीवर खिचडी टाकायचो. मी नाव न घेता सहज विचारावं तसं विचारलं, की ट्राममुळे कॅमेरा हलला तर रेघ कशी दिसेल.

"पुसट," दामले म्हणाला. "नाहीतर दुहेरी. का रे?"

"दातेरी नाही होणार?"

"शक्यच नाही. दातेरी म्हटलं तर तुझा चित्रकारच हलला. कोण सांगतं दातेरी होते म्हणून?"

"आमचे मायस्टर."

"मग एकतर तुझ्या मायस्टरला काही येत नाही, नाहीतर तो थापा मारतोय."

"खिचडी लागतेय खाली," मी म्हणालो.

 दामले उठून खिचडी ढवळू लागला आणि म्हणाला, "बरं, नको सांगूस. पण माणूस भारी दिसतोय तुझा."

हिवाळ्याच्या तोंडाला संपादकांचं पत्रक आलं. नाताळच्या अंकात हेर टीडेमान यांचा गौरव करायचा होता. मधली जोडपानं त्यांना द्यायची, आणि चित्र मुळात असेल त्याच मापाचं छापायचं, एकास एक, म्हणजे वाचकांना उस्तादाची रेघ जशीच्या तशी पाहायला मिळेल. हे त्यांनी मनापासून, आदरानं केलं होतं. पण एकास एक म्हणजे कॅमेरा काहीही आटवणार नव्हता. जोडपानांएवढा कागद भिंतीवर लावला तरी खांद्याला फिरायला जागा उरत नव्हती. पुन्हा मनगट आलं.

दोन दिवसांनी हेर टीडेमान स्वतः आले. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. बुटके, जाड भुवयांचे, उजवा हात कोटाच्या खिशात. मायस्टरांशी त्यांनी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं.

"ट्रामबद्दल आभार," ते म्हणाले. संपादकांनी बिचाऱ्यांनी फोन करून त्यांची माफी मागितली होती, छापखान्याची चूक झाली म्हणून.

"कुठली ट्राम?" मायस्टर म्हणाले.

 मग हेर टीडेमान म्हणाले, "प्रकृतीचं कारण सांगून हा अंक टाळता येईल. पण मग पुढचाही टाळावा लागेल. माझ्या जागी कुणी बसलं की मी परत उठवणार नाही त्याला." ते काचेत उलटं दिसणारं हेर पोल यांचं चित्र पाहत होते. "यालाही माझं पान द्यायला हरकत नाही. चांगला काढतो."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आमचे अण्णा, पाट्या रंगवणारे, हात टेकायला काठी वापरतात. लांब काठी, टोकाला चिंध्यांचा घट्ट बोळा. बोळा पाटीवर टेकवायचा, काठी डाव्या हातात धरायची आणि उजवं मनगट तिच्यावर ठेवून ब्रश न्यायचा. ताप आलेला असताना शिडीवर उभं राहून त्यांना सरळ अक्षरं काढताना मी पाहिलं होतं. बोलून झाल्यावर मला भीती वाटली. एवढ्या मोठ्या कलावंताला मी पाट्यांच्या गोष्टी सांगत होतो.

"जुन्या चित्रकारांकडे असायची तसली काठी," हेर टीडेमान म्हणाले. "मी म्हाताऱ्यांचं लक्षण म्हणून हसायचो. रविवारी घेऊन याल, हेर घोडके?"

मी झाडूचा दांडा कापला, अण्णा बांधत तसा चिंध्यांचा बोळा बांधला, वरून मऊ कातडं चढवलं आणि रविवारी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, खिडकीबाहेर अंगण बर्फानं पांढरं. हेर टीडेमान यांनी आधी कागदावर कुंपणाच्या पट्ट्या काढून पाहिल्या. मनगट काठीवर ठेवल्यावर उभ्या रेघा सुरेख आल्या. लांब आडवी रेघ ओढायची तर काठीचं दुसरं टोक फ्राऊ टीडेमान यांनी धरलं आणि त्यांचं मनगट काठीवरून घसरत गेलं. ती रेघ पाहून मला अण्णांची आठवण झाली. मग त्यांनी म्हाताऱ्याचं पोट काढायला घेतलं. पोटाला वळण असतं. वळणावर काठी सुटत होती आणि हात पुन्हा कापत होता. एकामागून एक कागद शेगडीत गेले.

"कुंपण जमलं, हेर घोडके," ते शेवटी म्हणाले. "माणसंच तेवढी राहिली."

फ्राऊ टीडेमान उठल्या. शाल गुंडाळून वाळत घातलेले कपडे आणायला अंगणात गेल्या. परत आल्या त्या थंडीनं अशा काकडत होत्या की दार लावता येईना. काखेत नवऱ्याची लांब आतली विजार होती, गोठून लाकडासारखी ताठ झालेली. ती त्यांनी टेबलाला टेकवून उभी केली. विजार तशीच उभी राहिली.

"पाहुण्यांना खुर्ची द्या," त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

हेर टीडेमान हसले. मग त्यांचं हसू थांबलं. ते बायकोच्या थरथरणाऱ्या खांद्यांकडे पाहत राहिले, मग विजारीकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

"मार्था," ते म्हणाले, "जराशी अशीच उभी राहा."

"इथं? मला शेगडीजवळ येऊ दे आधी."

"दोनच मिनिटं. काकडत राहा."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," फ्राऊ टीडेमान मला म्हणाल्या, "पण इतकं गोड आजवर बोलले नव्हते."

मी निघून आलो. तिथं आता माझं काम नव्हतं.

त्या आठवड्यात फ्राऊ टीडेमान सायकलवरून आल्या, सपाट पाकीट घेऊन. मायस्टरांनी ते स्वतः उघडलं.

बागेत कडाक्याचा हिवाळा. म्हातारा काकडतोय, म्हातारी काकडतेय, शेजारी त्याच्या टोपीसकट काकडतोय. कोबीचे देठ, खोपट्याचं छप्पर, बुजगावणं, सगळं थरथरतंय. प्रत्येक रेघ दातेरी, आणि प्रत्येक रेघेतून थंडी वाजत होती. पाहता पाहता मी कोटाची बटणं लावली, खोटं नाही सांगत. आणि या सगळ्याच्या वरून, डाव्या पानाच्या काठापासून उजव्या पानाच्या काठापर्यंत कपडे वाळत घालायची एक दोरी, एका दमात ओढलेली, तारेसारखी. तिच्यावर गोठलेले ताठ कपडे. चित्रात स्थिर तेवढंच. दोरीवरून काढलेली विजार कुंपणाशी स्वतःच्या पायांवर उभी होती, आणि शेजारी थरथरत्या हातानं टोपी उचलून तिला अभिवादन करत होता.

मायस्टरांनी भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही.

चित्र फळीवर लावताना मला समासात निळी अक्षरं दिसली. ती अक्षरंसुद्धा कापत होती. "प्रिय रेनेके, या वेळी कॅमेऱ्यावर आळ घेऊ नका."

मायस्टरांनी ते वाचलं. "दिवे," ते म्हणाले, आणि निगेटिव्ह स्वतः घेतली.

अंक निघाला. संपादकांचा फोन आला, तेव्हा ते हसत होते. म्हणाले, थंडी अशीही काढता येते हे मला माहीत नव्हतं, पुढच्या वर्षीही जोडपानं त्यांचीच. पुढे हेर टीडेमान यांनी बरीच वर्षं ते पान चालवलं. कधी आटवून घ्यायची मोठी चित्रं पाठवत, कधी वाऱ्याची, भुताच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांची, खडखडत जाणाऱ्या बसची चित्रं पाठवत. वाचकांना वाटलं, म्हातारपणी त्यांची शैली बदलली. एका समीक्षकानं त्यावर लेख लिहिला. आमच्या खोलीत तो भिंतीवर लावला होता.

त्या नाताळ अंकाची एक प्रत मी बार्शीला पाठवली होती. काठीची हकीकत घरी गेल्यावर समोर बसून सांगू म्हणून लिहिली नाही. अण्णांचं उत्तर आलं, "चित्र पाहिले. तिकडे थंडी फार दिसते. स्वेटर घालत जा." मी परत जाण्याआधी ते गेले. आपल्या काठीनं ओढलेली रेघ आपण हातात धरून पाहिली, हे त्यांना कळलं नाही. ते मला अजून लागून राहतं.

मूळ चित्र मायस्टरांनी चौकट करून खोलीत लावलं. मी भारतात परतलो त्या दिवशी आठवण म्हणून मला त्याची एक फिल्म काढून दिली, एकास एक. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. कधीतरी खिडकीसमोर धरून बघतो. सगळे काकडत असतात, दोरी ताठ असते. समासात जिथं ती निळी ओळ होती तिथं काहीही नाही. त्या फिल्मला ती दिसलीच नव्हती, आणि मायस्टरांना हे अर्थातच माहीत होतं.